बोलका डबा

गोरेगाव स्थानकाच्या पूर्वेस संध्याकाळी भाजी विकावयास बसणाऱ्या बायकांत एक मावशी आहेत. आरे वसाहतीच्या रानात जे वारली पाडे आहेत, त्यांपैकी एका पाड्यावर त्यांचे घर. पावसाळा लागला, की त्यांच्या टोपलीत टाकळा, कुर्डू, कंटोळी अशा रानभाज्या दिसू लागतात आणि आमच्या घरी कंटोळ्यांची वाट पाहिली जाते. मावशींना लिहिता-वाचता येत नाही. हिशेब मात्र असा चोख, की जुडी बांधता बांधता त्या पाच-सहा जिन्नसांची बेरीज तोंडाने सांगतात. नाणे त्या बोटांनी ओळखीत आणि नोट रंगावरून. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा रद्द होऊन नव्या आल्या, तेव्हा काय त्या चार दिवस गोंधळल्या असतील तेवढ्याच.

पुढे लोकांनी खिशात पैसे बाळगणेच सोडले. जो तो टोपलीशी वाकून विचारी, "मावशी, स्कॅनर आहे का?" अखेर त्यांच्या नातीने काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेली एक पाटी आणून टोपलीला टेकवून ठेवली. या चौकोनाला लोक 'स्कॅनर' म्हणतात खरे. पण वस्तुतः वाचणारा तो आपला फोन, चौकोन बिचारा वाचला जातो. त्याचे खरे नाव क्यूआर कोड. १९९४ साली जपानमधील मासाहिरो हारा या अभियंत्याने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून तो तयार केला. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा 'गो' नावाचा खेळ खेळताना ही कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकटी असतात, त्या नीट पाहा. त्यांच्यामुळे पाटी वाकडी धरली किंवा उलटी धरली, तरी तिची दिशा फोनला कळते. पाटीचा थोडा भाग चिखलाने माखला, तरीही बहुधा ती वाचता येते. कारण तीच माहिती भरून काढता येईल अशी जादा खूण ठिपक्यांत आधीच घालून ठेवलेली असते. भाजीबाजारात या गुणाचे मोल किती, ते सांगावयास नको!

पैसे पोहोचविण्याची व्यवस्था निराळी. तिला यूपीआय म्हणतात. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने ती एप्रिल २०१६ मध्ये सुरू केली. आपल्या बँकेने तिला निरोप द्यावा, तिने तो दुसऱ्या बँकेस पोहोचवावा, आणि एका खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्यात जमा व्हावी, असा हा निरोपांचा प्रवास असतो. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात असे दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार देशभर झाले. त्यांत दहा-वीस रुपयांच्या कोथिंबिरीचे किती असतील, कोण जाणे!

परंतु मावशींची यात एक मोठी अडचण झाली. पूर्वी पैसा त्यांच्या मुठीत येई. आता तो आला की नाही, हे दुसऱ्याच्या फोनवर लिहिलेले असे आणि ते त्यांना वाचता येत नसे. गिऱ्हाईक फोन पुढे करून "झाले हं मावशी" म्हणे आणि त्या मान हलवीत. एका संध्याकाळी एका तरुणाने असेच काहीसे दाखविले आणि दोन पिशव्या भरून भाजी नेली. रात्री नातीने खाते पाहिले, तर त्याचा एक पैसाही आला नव्हता. त्याने कोणती तरी जुनी पावती दाखविली असावी.

त्यानंतर तो डबा आला. तळहातावर मावेल एवढा, आत एक सिमकार्ड, एक बॅटरी आणि एक भोंगा. पैसे खात्यात जमा झाल्याचा निरोप मोबाइलच्या जाळ्यातून त्याला मिळतो आणि तो मोठ्याने मराठीत रक्कम सांगतो. मराठी आकड्यांत एकोणसाठ, सदुसष्ट, अठ्ठ्याहत्तर असे प्रत्येकाला स्वतंत्र नाव. तेव्हा याला मराठी शिकविणाऱ्यांना बरीच मेहनत पडली असेल. मावशींनी त्याला प्लॅस्टिकची पिशवी पांघरली आणि तराजूशेजारी बसविले. आता फोनकडे त्या पाहतही नसत. डबा बोलला, की पिशवी गिऱ्हाइकाच्या हाती देत.

गेल्या श्रावणातली गोष्ट. पाऊस कोसळत होता, छत्रीतून पाणी गळत होते आणि मला घरी जाण्याची घाई होती. ऐंशी रुपयांची कंटोळी व अळू घेऊन मी पाटीपुढे फोन धरला, आकडे दाबले आणि पिशवीसाठी हात पुढे केला. मावशींनी पिशवी सोडली नाही.

"भाऊ, डबा नाही बोलला."

"अहो, पैसे गेले माझे. तुमच्या डब्याला पावसात रेंज मिळत नसेल!"

"थांबा जरा. बोलेल."

मागे चार-पाच माणसे खोळंबली होती. आपल्याला लबाड समजले जात आहे, या विचाराने मला एकदम राग आला. मी फोन त्यांच्या डोळ्यांपुढे नाचविला आणि चढ्या स्वरात म्हणालो, "हे पाहा, इथे लिहिले आहे!" त्यांनी फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि पिशवी माझ्या हाती दिली. "न्या भाऊ. तुम्ही तर रोजचे."

घरी आल्यावर ओले कपडे बदलून मी सहज फोन उघडला. त्या व्यवहारापुढे बारीक अक्षरांत 'प्रलंबित' असे लिहिले होते. थोड्या वेळाने त्या जागी 'अयशस्वी' हा शब्द आला. ऐंशी रुपये माझ्याच खात्यात होते. जे मी मावशींच्या डोळ्यांपुढे नाचविले, ते मी स्वतः वाचलेच नव्हते. त्या रात्री कंटोळ्यांची भाजी मला गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी नोटा हाती घेऊनच त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि घडले ते सांगितले. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "मी तर नातीला सांगितलं, डबा बिघडलाय," त्या म्हणाल्या. "उद्या ती बदलून आणणार होती."

माझी मान खाली गेली. मी नोटा पुढे केल्या. त्यांनी त्या घेतल्या नाहीत.

"नोटा नको, भाऊ. फोननंच द्या. डबा बोलतो का, बघू दे मला."

मी पाटीपुढे फोन धरला. या वेळी पडद्यावरचे अक्षर न् अक्षर वाचले. आम्ही दोघेही डब्याकडे पाहत राहिलो. शेजारची मिरच्यावालीही वाकून पाहू लागली. क्षणभर काहीच झाले नाही. मग प्लॅस्टिकच्या आतून आवाज आला, "ऐंशी रुपये मिळाले."

मावशींनी पिशवीवरचे पाणी पदराने टिपले, डबा तराजूच्या अधिक जवळ सरकविला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारले, "तुम्हाला काय देऊ, ताई?"