वैशालीचे तळे

बुद्धगया, राजगीर, नालंदा करून येणारी आपली यात्रा वैशालीला फार तर एक तास देते. अशोकस्तंभासमोर फोटो निघतो, वंदना होते आणि सगळे पाटण्याकडे पळतात. धम्मबांधवांनो, पुढच्या खेपेस इथे अख्खा दिवस ठेवा.

पाटण्याहून गंगा ओलांडली की हाजीपूरच्या केळीच्या बागा लागतात. पुढे कोल्हुआ गावी एका सिंहाचा तो उंच स्तंभ उभा आहे. तिथून थोड्या अंतरावर धातुस्तूपाचे अवशेष आहेत. १९५८ साली आपल्या मराठी डॉ. अ. स. अळतेकरांच्या मार्गदर्शनाखाली ते उजेडात आले. याच नगरीत आम्रपालीने तथागतांना भोजनाचे आमंत्रण दिले. नंतर लिच्छवी आले, तरी गणिकेला दिलेला शब्द बुद्धांनी मोडला नाही. महाप्रजापती गौतमीला संघात प्रवेश मिळाला तोही इथेच. आपल्या उपासिकांनी ही जागा पायी फिरून पाहावी.

वैशाली वज्जींच्या गणराज्याची राजधानी. इथे एका राजाचा हुकूम चालत नसे, सभेत निर्णय होत. अजातशत्रूचा मंत्री वस्सकार वज्जींना कसे जिंकावे ते अजमावायला आला, तेव्हा तथागतांनी आनंदाला पहिलाच प्रश्न केला: वज्जी वारंवार एकत्र जमतात ना? पुढे वस्सकाराने त्यांच्यात फूट पाडली आणि राज्य गेले. (एकाच वस्तीत जयंतीच्या दोन मिरवणुका काढणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.)

पण मला खरे थांबवले ते इथल्या तळ्याने. हीच लिच्छवींची अभिषेक पुष्करिणी असे मानतात. जुन्या अट्ठकथेत लिहिले आहे की त्या तळ्यावर पहारा होता, वर लोखंडी जाळी होती, पाखरूही आत जाऊ शकत नसे. पाणी फक्त राजकुळांचे. म्हणजे सभेत मत होते, पण ते मोजक्या कुळांनाच. बाकीचे जाळीबाहेर! वज्जी फुटीने हरले हे सगळेच सांगतात. ही जाळीही त्या राज्याचे दुखणे होते असे मला वाटते.

महाडच्या तळ्यावर जाळी नव्हती. तिथे गुरेढोरे पाणी पीत, अडवले जात ते आपल्यालाच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी या प्राचीन गणराज्यांची आठवण दिली. ठराव, गणपूर्ती, मतदान हे सारे भिक्खू संघाला ठाऊक होते, असे त्यांनी सांगितले. (आमच्या युनियनच्या सभेला गणपूर्तीसाठी अजून माणसे शोधावी लागतात.) आणि त्याच भाषणात बजावले की मताला समान किंमत, पण समाजात आणि पोटापाण्यात विषमता, ही विसंगती फार काळ चालू ठेवली तर लोकशाहीच धोक्यात येईल. संघात मात्र न्हावी उपालीला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा मिळाली, म्हणून ते राजपुत्र त्याला वंदन करीत.

आज पुष्करिणीच्या काठी जपानी भिक्खूंचा पांढरा शांतिस्तूप आहे. कोणीही काठावर बसावे, शिदोरी सोडावी. जवळच पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. ते शुक्रवारी बंद असते, तेवढा वार पाहून निघा.