दोर पोचवायचा कसा?

एडिसन, मार्कोनी ही नावं तुम्हांला पाठ असतात. हेन्री ट्रेनग्राउज हे नाव मात्र तुमच्या पुस्तकात सापडायचं नाही. मला तरी हा माणूस त्यांच्याच पंक्तीतला वाटतो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा खडकाळ प्रांत आहे. तिथल्या हेल्स्टन गावात हेन्री कपाटं-टेबलं बनवायचा. २९ डिसेंबर १८०७ रोजी गावाजवळच्या लो बार किनाऱ्यावर 'अ‍ॅन्सन' ही लढाऊ नौका वादळात येऊन आपटली. किनारा अगदी हाकेच्या अंतरावर! मोडलेली डोलकाठी किनाऱ्याकडे पडली, तिच्यावरून काहीजण सरपटत सुटले. पण शंभरावर माणसं लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली. बघणाऱ्यांत हेन्रीही होता. त्याला मग चैन पडेना. मध्ये हवा होता फक्त एक दोर!

पुढे राजाच्या वाढदिवसाची आतषबाजी बघताना त्याला युक्ती सुचली, असं सांगतात. आपण दिवाळीत उडवतो तसला बाण, आणि त्याच्या शेपटीला दोरी!

त्याच सुमारास मॅन्बी नावाचे गृहस्थ किनाऱ्यावरून जहाजाकडे तोफेनं दोर फेकत होते. पण जड तोफ वेळेवर पोचायची कशी? हेन्रीनं उलटा विचार केला. साधन जहाजावरच ठेवायचं. जहाज किनाऱ्यावर आदळतं तेव्हा वारा बहुतेक वेळा समुद्राकडूनच येत असतो, म्हणजे बाणाला तो आयताच ढकलणार. मला ही गोष्ट फार आवडते. वारा सुटला की एकदा वाऱ्याच्या दिशेनं आणि एकदा वाऱ्याविरुद्ध चेंडू फेकून पाहा, लगेच पटेल.

बंदुकीच्या नळीवरून बाण सुटे. त्याच्याबरोबर बारीक दोरी किनाऱ्यावर जाई, तिच्या मदतीनं जाड दोरखंड ताणायचा आणि त्यावर टांगलेल्या आसनात बसवून एकेकाला ओढून घ्यायचं. सगळं सामान एका पेटीत!

यापायी त्यानं घरचे सुमारे ३,००० पौंड घालवले. १८१८ मध्ये जाणकारांनी हे साधन तपासलं आणि प्रत्येक जहाजावर ते असावं, असं सुचवलं. सरकारनं वीस संच मागवले. मग म्हणे, आम्हीच बनवतो! हेन्रीच्या हाती टेकवले ५० पौंड. हे वाचताना मला अजून राग येतो. रशियाच्या झारनं हिऱ्याची अंगठी पाठवली, तीही बिचाऱ्याला गहाण टाकावी लागली. १८५४ मध्ये तो वारला.

आज समुद्रापार जाणाऱ्या मोठ्या मालवाहू जहाजांवर दोर फेकणारं साधन सक्तीनं ठेवावं लागतं. वारा नसतानाही त्याचा दोर निदान २३० मीटर लांब गेला पाहिजे, असा नियम आहे.