वाटीचं वजन

रोहा, १२ जानेवारी

चि. धाकटीस,

काटा घेतलास हे कळलं. बिरड्याला वाल किती ग्रॅम, कांदा किती ग्रॅम, ते लिहून पाठव म्हणतेस. तुझ्या आजीने जन्मभर वाटीवर स्वयंपाक केला, मीही तेच केलं. तुझ्यापायी परवा सुनेचा केकचा काटा मागून आणला.

आधी वाटीच तोलली. रिकामी ठेवून काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी ओतलं. १५० ग्रॅम भरलं, म्हणजे वाटी १५० मिलिलिटरची. तुमच्या अमेरिकेतला कप २४० च्या आसपास. ‘एक वाटी’ वाचून कप भरत होतीस ना? मग बिरडं पातेल्याबाहेर येणारच.

कोरडे कडवे वाल वाटीभर घेतले, १३० ग्रॅम. भिजवले, फडक्यात बांधले, मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून सोलले आणि पुन्हा तोलले. २४० ग्रॅम! वाट्या भरल्या अडीचच्या वर. आता ‘एक वाटी वाल’ म्हणजे कुठले? आजी कोरडेच मोजायची, कारण किती करायचं ते आदल्या रात्री भिजत घालतानाच ठरतं. तेव्हा १३० लिहून घे, पण पुढे ‘कोरडे’ हा शब्द लिही. नुसता आकडा फसवेल. गोठवलेले हिरवे दाणे आणलेस, तर हा हिशेब लावूच नकोस.

कांद्याने मला जास्त पिडलं. बारीक चिरलेला वाटीत १०० ग्रॅम बसला, जाड फोडींचा जेमतेम ८०. मधली जागा हवेची, आणि सुरी जशी चालेल तशी ती कमीजास्त होते. मी चिरते बारीक, तू चिरतेस घाईत. म्हणून कांदा सोलून, चिरायच्या आधी तोल, १०० ग्रॅम. शिवाय इथला पांढरा कांदा (२०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा) गोडसर. तुमचा तिखट असेल तर २० ग्रॅम कमीच घाल.

पालेभाजीला मात्र वाटी दाखवू नकोस. तुमच्याकडच्या तक्त्यांत कपभर कच्चा पालक ३० ग्रॅम आणि शिजवलेला १८० धरतात. कप तोच, पालक सहापट! पेणच्या बाजारात पावसाळ्यात टाकळा-कुरडू घेऊन बसणाऱ्या बायकांकडे काटा नसतो. जुडी नाहीतर वाटा. जुडी त्या बाईच्या मुठीएवढी, म्हणून माझी आई भाव विचारायच्या आधी हात बघायची.

आणि तोलणं-मापणं आपल्याकडे पूर्वी एकाच नावाने चालायचं. धान्य मापायचा तो शेर, तोलायचा तोही शेर. तोलायचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, आजच्या हिशेबाने ९३३ ग्रॅम. मापाच्या चार शेरांची पायली, अर्ध्या शेराचं मापटं, पाव शेराचं चिपटं. आजीचं पितळी चिपटं माझ्या तांदळाच्या डब्यात अजून आहे. १९५५ मध्ये दशमान नाण्यांचा कायदा झाला तेव्हा अर्थमंत्री होते आपल्या रोह्यात लहानपण गेलेले चिंतामणराव देशमुख. पुढच्याच वर्षी वजनमापांचा कायदा आला. कागदावरून शेर गेला. माझ्या डब्यातून जायला तयार नाही.

परवा वाड्यामागे पोरांनी मडक्यात वालाच्या शेंगा भाजायची पोपटी लावली. शेंगा किती घ्यायच्या म्हणून एकाने विचारलं, तर दुसऱ्याने मडकंच पुढे केलं. खाली भांबुर्ड्याचा पाला, वर भांबुर्ड्याचा पाला, मधे मावतील तेवढ्या. तिथे काटा नेला असता तर मला हाकललं असतं.

फाल्गुनात तुझा भाऊ तिकडे येतोय. नवे वाल निघाले की पेणहून पायलीने घेईन. पण विमानवाले किलोच मोजतात, तेव्हा त्याच्या बॅगेत किती बसतील ते त्याला विचारून कळव.

तुझी मावशी