पदवीचें ऋण

कॉलेजांच्या जुन्या नियतकालिकांतील माजी विद्यार्थ्यांचें वृत्त मी आवडीनें वाचतों. कोणी मुन्सफ झाला, कोणी विलायतेस गेला. बहुधा सारी बढतीचीच वार्ता!

माझें मन मात्र एका निराळ्या उदाहरणापाशीं थबकतें. फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. अशा विद्वानास मोठ्या पगाराची काय वाण? पण वीस वर्षें अल्प वेतनावर शिकविण्याचें आजीव सभासदांचें व्रत पत्करून ते आपल्याच कॉलेजांत परतले व १९०२ सालीं तेथें प्रिन्सिपॉल झाले.

घरचा मुलगा पदवी घेऊन आला कीं आपण प्रथम ‘पगार किती?’ असें विचारतों. ‘विद्येचें ऋण कसें फेडशील?’ हेंही एकदां विचारावयास नको काय?