पैसे कोणाच्या नावावर चाललेत?

पालममध्ये माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे अर्ज, आधारवर अंगठा लावून पैसे काढून देणं, अशी कामं दिवसभर चालतात. ज्यांच्या फोनवर पैसे पाठवायची सोय नाही किंवा ज्यांची दिवसाची मर्यादा संपली आहे, ते रोख रक्कम माझ्याकडे देतात आणि मी ती माझ्या खात्यातून पाठवतो. त्यामुळे पैसे गावाबाहेर जाण्याआधी ते कोणाच्या नावावर चाललेत, हे माझ्या स्क्रीनवर दिसतं. या नावांनी मला फसवणूक ओळखायला शिकवलं.

सोयाबीनचे पैसे हातात आले की हे प्रकार वाढतात. अशाच एका हंगामात जांभुळबेटाकडच्या एका गावातली ताई आली. डीएड झालेली, शिक्षक भरतीची वाट पाहणारी, नवरा चाकणला कंपनीत. रुमालात बांधलेले अठ्ठावीस हजार रुपये तिने काउंटरवर ठेवले आणि फोनमधला क्यूआर कोड पुढे केला. "दादा, एवढे टाका. आज संध्याकाळपर्यंत भरायचेत."

"कोणाला?"

"कंपनीला. टेलिग्रामवर काम घेतलंय, हॉटेलांना रेटिंग द्यायचं."

कोड स्कॅन केला तर कुठल्याशा जनरल स्टोअर्सचं नाव आलं. मी तिला आधीचे व्यवहार उघडायला सांगितले. एक हजार भरले होते ते एका माणसाच्या नावावर. पाच हजार गेले होते ते एका ट्रेडर्सच्या खात्यात. मी विचारलं, "ताई, कंपनी एक आणि खाती तीन, कामून?" ती गप्प झाली, पण लगेच म्हणाली, "पण त्यांनी दिलेत की पैसे." खरंच दिले होते. पहिल्या दिवशी चार-पाच हॉटेलांना तारे दिले, तर दीडशे रुपये खात्यात आले. एक हजार भरले तर तेराशे परत आले. म्हणून तिने पाच हजार भरले, आणि तिथून 'कॉम्बो टास्क' सुरू झाला. आता तिच्या नावापुढे एकेचाळीस हजार जमा दिसत होते. फक्त अठ्ठावीस हजार भरले की सगळे मोकळे होणार होते.

मी तिला म्हटलं, "आधी त्यातले पाच हजार काढून बघा." बटण दाबलं, 'टास्क अपूर्ण' असं आलं. मग तिने ग्रुपवर लिहिलं, की माझ्या जमा पैशातून कापून घ्या आणि उरलेले द्या. लगेच तीन-चार जणांनी आपापले स्क्रीनशॉट टाकले, मी भरले, मला मिळाले. ते तिच्यासारखेच काम करणारे आहेत असं तिला वाटत होतं. अशा ग्रुपमधले हे बोलके सभासद त्याच टोळीचे असतात. तिने दुसऱ्यांदा तेच विचारलं तेव्हा तिला ग्रुपमधून काढून टाकलं. रुमालातले पैसे बचत गटाचं उचललेलं कर्ज होतं. ते वाचले.

दुकानातूनच आम्ही १९३० ला फोन लावला. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक सांगितला की पैसे ज्या बँकेत गेलेत तिथे निरोप जातो आणि खात्यात उरलेली रक्कम अडकवता येते. तिच्या पाच हजारांतले थोडे अडकले. बाकीचे पुढच्या खात्यांत सरकले होते.

"त्यांनी दिलेत की" हे वाक्य मी फार ऐकलं आहे आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. १९२० साली बोस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झी पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देत होता, तोही सुरुवातीला खरोखरच देत होता, नव्या लोकांच्या पैशातून. २०२४ मध्ये शेवगाव तालुक्यात शेअर बाजाराच्या नावाखाली महिन्याला दहा-दहा टक्क्यांचं आमिष दाखवून शेतकऱ्यांचे पैसे गोळा केले गेले. ज्याला पहिले काही महिने पैसे मिळतात, तो स्वतःच पाहुण्यारावळ्यांना घेऊन येतो. त्या ताईला मिळालेले दीडशे रुपये ही तिच्या विश्वासाची किंमत होती, कामाचा मोबदला नव्हता.

बाकीचे प्रकार ओळखायला सोपे आहेत. घरी बसून पेन्सिली पॅक करायचं काम, त्यासाठी आधी नोंदणीचे सहाशे, मग ओळखपत्राचे, मग कुरिअरचे. काम देणारा पैसे मागतो, तिथेच विषय संपला. व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसानच्या नावाने एपीके फाइल येते. ती उघडली की मेसेज आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात जातात. आणि पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे मी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला दोनदा सांगतो.

पण त्या तीन नावांचा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. ती खाती चोरांची स्वतःची नसतात. ती कोणाची असतात, हे मला पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलामुळे कळलं. रोज पहाटे रस्त्यावर धावणारं, गरीब घरचं पोरगं. नवीन खातं उघडायला कागदपत्रं घेऊन आला होता. खातं, एटीएम कार्ड आणि सिम असं तिन्ही एका ओळखीच्याला द्यायचं, त्याचे दहा हजार मिळणार होते. "मला काय करायचंय काका, खातं तर रिकामंच आहे," तो म्हणाला.

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्या ताईची गोष्ट सांगितली. तिचे पाच हजार तुझ्या खात्यात येतील. तक्रारीत नाव तुझं असेल. खातं गोठेल, दुसऱ्या राज्याचे पोलिस गावात येऊन तुझं घर विचारतील, आणि भरतीत निवड झालीच तर चारित्र्य पडताळणीत ती तक्रार पुढे येईल. कागदपत्रं उचलून तो गेला. ओळखीच्याला त्याने नाही म्हटल्याचं नंतर त्याच्या वडिलांनी सांगितलं. आपल्या भागात नोकरी नाही, शेतीत भाव नाही, म्हणून अशी पोरं सापडतात. चोराला बळी आणि खातेदार एकाच गावात मिळतात. याचा मला मनापासून राग येतो.

फसलेली माणसं लाजेने घरी सांगत नाहीत आणि त्यात तास निघून जातात. तालुक्यात आणि आसपास माझ्यासारखे अनेक केंद्रचालक आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की रोख घेऊन पैसे पाठवताना स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचा आणि समोरच्याला विचारा, या माणसाला तुम्ही ओळखता का? गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. आणि पैसे गेलेच असतील, तर कोणाला काय वाटेल याचा विचार न करता त्याच क्षणी १९३० लावा. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलिस ठाण्यात तक्रार देता येते, "आमच्या हद्दीत नाही" असं म्हणून परत पाठवता येत नाही.