अम्मीच्या खोलीतला टीव्ही

शाळेत मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो, पण आमच्या अम्मीला मराठी शिकवली ती टीव्हीवरच्या मालिकांनी. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे दखनी बोलणारी ही बाई आज 'कारस्थान' हा शब्द माझ्या दहावीच्या मुलांपेक्षा अचूक वापरते. तेव्हा तिची मालिका हा आमच्या घरात थट्टेचा विषय नाही.

2022 च्या सुरुवातीला अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आमच्या सोलापूरच्या घरात हॉल आणि आतल्या खोलीच्या मध्ये दोन पायऱ्या आहेत. त्या दोन पायऱ्या तिला बंद झाल्या आणि त्यांच्यासोबत टीव्हीही बंद झाला. माळ्यावर जुना एकवीस इंची डबा पडून होता. तो उतरवला, पुसला, तिच्या पलंगासमोर ठेवला. चित्र उत्तम. प्रश्न केबलचा. त्या वर्षी शाळेचा पगार वेळेवर होत नव्हता आणि दवाखान्याचं बिल अजून खिशात सलत होतं. मी ठरवलं, दरमहा एक रुपयाही न वाढवता हे जमवायचं.

अब्बांच्या काळात हे सोपं होतं. वीस-तीस रुपयांचा स्प्लिटर आणायचा, एका वायरीच्या दोन करायच्या. चित्रात थोड्या मुंग्या यायच्या, एवढंच. अब्बांनी तर तिसरी वायर शेजारच्या खालाजानच्या घरात टाकली होती, आणि केबलवाल्याला ते माहीत असूनही तो ईदला शिरखुर्मा खाऊन जायचा. सोलापूर हे सेट टॉप बॉक्स सक्तीच्या दुसऱ्या टप्प्यातलं शहर. 31 मार्च 2013 ही त्याची मुदत होती. त्यानंतर स्प्लिटरने वायर दोन होते, चॅनेल दोन होत नाहीत. प्रत्येक टीव्हीला स्वतःचा बॉक्स लागतो, कारण चॅनेलचं कुलूप बॉक्समध्ये असतं.

मग डीडी फ्री डिश. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याला काही नाही. त्यावर डीडी उर्दू आहे, सह्याद्री आहे, बातम्या, जुने सिनेमे आहेत. ज्याला अमुकच मालिका हवी असा हट्ट नाही, त्याने दुसरा विचार करूच नये. आमच्या गल्लीत निम्म्या गच्च्यांवर हीच छत्री आहे. पण अम्मीची मालिका ज्या पैशाच्या चॅनेलवर लागते, ते त्यावर नाही. माझ्या मुलीने मोबाईलवर मालिका लावून दिली. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांनी अम्मीने तो फोन पाच मिनिटं नाकाशी धरला आणि उशीखाली ठेवून दिला.

शेवटी मला युक्ती सुचली. हॉलमधला नवा टीव्ही बॉक्सला एचडीएमआयने जोडलेला होता. मागची लाल, पांढरी आणि पिवळी भोकं मोकळीच होती. दहा मीटरची एव्ही वायर आणली, दाराच्या वरून नेली, आणि एका बॉक्सवर दोन टीव्ही चालू झाले. खर्च अडीचशेच्या आत. मी दोन दिवस घरात फुगून फिरत होतो. बायको म्हणाली, "दुसरा बॉक्सच घ्या ना, किती लागतात?" मी तिला एव्ही वायरीची थोरवी सांगितली.

या व्यवस्थेत एक गोष्ट असते. हॉलमध्ये जे लागेल तेच आत दिसतं. रिमोट हॉलमध्ये.

पहिले काही दिवस आतून हाक यायची आणि कोणीतरी चॅनेल बदलायचं. हळूहळू हाक यायची थांबली. मला वाटलं, सगळं बसलं. मग आयपीएल सुरू झाली. एका संध्याकाळी मी पाणी द्यायला आत गेलो तर अम्मी उशीला टेकून क्रिकेट बघत होती. तिला चौकार आणि षटकार यातला फरक कळत नाही. साडेसातपासून बसली होती.

"अम्मी, आवाज का नाही दिला?"

"तुम लोगां देख रे थे ना."

एवढंच. तक्रारीचा सूरही नव्हता. त्यानेच जास्त लागलं. या बाईने माझ्या बीएडच्या फीसाठी स्वतःच्या बांगड्या मोडल्या होत्या.

सकाळी केबलवाल्याकडे गेलो. मार्च 2020 पासून नियम असा होता की एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीला नेटवर्क शुल्काच्या 40 टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. 130 चे 40 टक्के 52, जीएसटी धरून 61 रुपये 36 पैसे. पैशाच्या चॅनेलचे वेगळे, पण दुसऱ्या बॉक्सवर वेगळी, कमी चॅनेल निवडता येतात. अम्मीला दोन-तीनच हवी होती. म्हणजे तीन आठवडे मी जी अक्कल चालवली, ती दिवसाला दोन-तीन रुपयांसाठी. (2024 च्या जुलैमध्ये ट्रायने या शुल्कावरची मर्यादा काढली, त्यामुळे आता ज्याच्या त्याच्या केबलवाल्याला विचारलेलं बरं. दुसऱ्या टीव्हीसाठी कमी दर आहे का, हे आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.)

बॉक्स आला. अम्मीने रिमोटला प्लास्टिकची पिशवी चढवून रबर लावलं, जसं अब्बा करायचे.

एक बदल मला आधी लक्षात आला नव्हता. एक बॉक्स होता तेव्हा अजान सुरू झाली की हॉलमधून म्यूट दाबायचो आणि दोन्ही टीव्ही एकदम गप्प व्हायचे. आता दोन्ही वेगळे. मगरिबची अजान झाली की आतला आवाज लगेच थांबतो. आम्ही मॅचमध्ये असतो. मग दोन पायऱ्यांच्या वरून हाक येते, "बाहरका बी बंद करो रे!"