आजीच्या कानातला सेल

तुमच्या घरात एखादा जुना रोलचा कॅमेरा असेल, तर वाचता वाचता उठा आणि त्याच्या बुडाचं छोटं झाकण नाण्यानं उघडून बघा. आत सेल असेल तर उघड्या बोटानं काढू नका. मी काढला होता. का काढायचा नाही, ते पुढे सांगते.

आमचं घर वाराणसीत, ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा भाग म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी माणसांचा. घरात मराठी, दारात हिंदी आणि भांडण पेटलं की अस्सल बनारसी, असा आमचा कारभार. मी इंग्रजी घेऊन बीए केलं आणि आता घरी बसून वेबसाइटसाठी मजकूर लिहिते. गाद्या, फेस वॉश, होम लोन, जे पदरात पडेल ते. त्यामुळे एखादी वस्तू कुठेच मिळत नाही, ही गोष्ट मला पटतच नाही. सगळं मिळतं, असं मी रोज पैसे घेऊन लिहीत असते ना!

कॅमेरा आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. कॅनन कंपनीचा कॅनोनेट क्यूएल-१७ जी-थ्री, १९७२ साली बाजारात आलेलं मॉडेल. घरातली कथा अशी, की एका जपानी प्रवाशाला परतीच्या तिकिटाला पैसे कमी पडले आणि त्यानं दशाश्वमेधजवळ तो आबांना विकला. आजी म्हणते, दोन महिन्यांचा पगार गेला आणि त्या दोन महिन्यांत तिनं भाजीला तेल मोजून घातलं. माझ्या बारशाचे फोटो त्यातलेच. त्यानंतर आबांचे हात थरथरायला लागले आणि कॅमेरा स्टीलच्या कपाटात साड्यांच्या मागे गेला. मी सहा वर्षांची असताना आबा गेले. त्यांचा आवाज मला आठवत नाही. पण एक डोळा मिटून, कॅमेऱ्याआडून माझ्याकडे बघणारा चेहरा आठवतो. खरंच आठवतो की फोटो बघून मी तो बनवलाय, कोण जाणे.

गेल्या हिवाळ्यात मी तो बाहेर काढला. शटर दाबलं तर दबेना. एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्यानं दोनदा हलवून बघितला आणि सांगितलं, शटर जाम आहे, शोकेसमध्ये ठेवा. मी जवळजवळ ठेवलाही. मग इंटरनेटवर त्याचं माहितीपुस्तक सापडलं आणि कळलं, की लेन्सच्या कड्यावर ‘ए’ म्हणजे ऑटो लावलेलं असलं आणि मीटरला पुरेसा उजेड दिसला नाही, तर हा कॅमेरा मुद्दामच शटर अडवून ठेवतो. सेल मेलेला असेल तर मीटरला भर दुपारीही अमावास्याच दिसणार! मी कडं ‘ए’वरून काढून एका आकड्यावर आणलं आणि शटर दाबलं. टिक्. इतका हलका आवाज, की आजीला नाही, पण मला ऐकू आला. कॅमेरा जिवंत होता, फक्त आंधळा झाला होता.

आता सेल शोधायचा. झाकणाच्या आत बोट घालून मी जुना सेल उकरला. हिरवट-पांढरी पूड धरलेली गोल चकती, तिच्यावर ६२५ हा आकडा. तो कागदावर लिहून मी दालमंडी गाठली. बनारसमध्ये विजेची कुठलीही किरकोळ वस्तू हवी असेल तर माणूस त्याच गल्लीत शिरतो. तीन दुकानं फिरले. चौथ्या दुकानातल्या चाचांनी जुना सेल हातात न घेताच एक बटणसेल पुढे केला. कॅल्क्युलेटरमध्ये असतो तो, एलआर-४४. मी म्हटलं, हा नाही. ते म्हणाले, “सब एक्कै हौ, बिटिया.”

सगळे एकच नसतात, हे मला नंतर कळलं. जुना ६२५ हा पाऱ्याचा सेल. त्याचा दाब १.३५ व्होल्ट, आणि त्याचं वैशिष्ट्य असं की संपेपर्यंत तो तेवढाच राहतो. त्यावर विसंबून कॅमेरा बनवणाऱ्यांनी मीटरमध्ये दाब सांभाळणारी वेगळी व्यवस्थाच ठेवली नाही. चाचांचा सेल १.५ व्होल्टचा. फरक ०.१५. इतक्यानं काय होतंय, असं मलाही वाटलं. मी तो कागदाची पट्टी गुंडाळून बसवला, काटा हलला आणि मी आनंदानं घाटावर जाऊन चौदा फोटो काढले. मग सहज मोबाइलवर प्रकाश मोजायचं ॲप घेऊन ताडून बघितलं. दाब जास्त म्हणून मीटरला उजेडही जास्त वाटत होता आणि तो लेन्सचं तोंड गरजेपेक्षा लहान करत होता. फिल्मवर अर्धाच उजेड पडत होता म्हणा ना. शिवाय हा अल्कलाइन सेल वापरताना हळूहळू उतरत जातो. म्हणजे आज एक चूक, महिन्यानं दुसरी. चूक एकसारखी असती तर हिशेब तरी जमवता आला असता. चांदीचा, म्हणजे सिल्व्हर ऑक्साइडचा सेल १.५५ व्होल्टवर बराच स्थिर राहतो. त्यामुळे काही लोक तो घालून फिल्मचा वेग मुद्दाम कमी लावतात. साधारण जमतं. पण मला साधारण नको होतं.

मग पाऱ्याचाच सेल का मिळत नाही? याचं उत्तर जपानमध्ये आहे. मिनामाता नावाच्या गावात एका रासायनिक कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं समुद्रात जात होतं. ते माशांत गेलं, मासे माणसांत. आधी मांजरं वेड्यासारखी वागून मेली, मग माणसांचे हातपाय वाकले, दृष्टी आणि वाचा गेली. १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. पुढे १९७१ नंतर युजीन स्मिथ हा अमेरिकन छायाचित्रकार पत्नी आयलीनसह तिथे जाऊन राहिला आणि त्यांच्या फोटोंमधून जगानं मिनामाता पाहिलं. ते वाचताना माझ्या मनात आलं, की त्या काळात मीटर असलेल्या कितीतरी कॅमेऱ्यांच्या पोटात पाराच होता. त्याच गावाच्या नावानं २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१७ मध्ये तो लागू झाला आणि २०१८ मध्ये भारतानंही त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे असे सेल त्याच्या आधीच अनेक देशांतून हद्दपार होत आले होते. तेव्हा कुणी ‘जुना पण नवाकोरा’ म्हणून ६२५ विकायला लागला, तर घेऊ नका. आमच्या विश्वनाथ गल्लीत पारदाची शिवलिंगं विकायला असतात, म्हणून की काय, पारा आम्हाला परका वाटत नाही. मी मात्र ते सगळं वाचून तीन वेळा हात धुतले.

जुना सेल मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून बूच घट्ट लावलं. कॅमेऱ्यातली पूड हातमोजे घालून, कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसली. नंतर कोरडी काडी फिरवली. ती बाटली अजून कपाटावर आहे. २०२२ च्या नियमांनुसार संपलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी ते बनवणाऱ्यांवर आहे. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या सेलची मालकी माझ्या गल्लीत कोण घेणार? कचऱ्यात टाकायचा नाही आणि गंगेत तर नाहीच, एवढं मी ठरवलंय.

आता खरी गोष्ट. १.३५ च्या सर्वांत जवळचा सेल आमच्याच घरात होता. आजीच्या कानाच्या मशीनमध्ये.

कानाच्या मशीनचे सेल जस्त आणि हवेवर चालतात. ६७५ नंबरचा त्यातला मोठा, निळ्या स्टिकरचा. दाब साधारण १.४ व्होल्ट आणि बराच स्थिर. आकारानं ६२५ पेक्षा बारीक, म्हणून भोवती रबराचं कडं लागतं. मी नळ दुरुस्तीच्या दुकानातून वायसर आणून घासून बसवलं. या सेलच्या अंगाला बारीक भोकं असतात. स्टिकर काढला की त्यातून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. भोकं झाकायची नाहीत आणि स्टिकर काढल्यावर पाचेक मिनिटं थांबायचं.

हे थांबायचं प्रकरण मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आजीची पाकिटं म्हणजे तिची तिजोरी. सहा सेलचं पाकीट, लंकेवरून, म्हणजे बीएचयूच्या फाटकाजवळून आणावं लागतं, आणि ती ते देवघराच्या खणात ठेवते. मार्चमधल्या एका दुपारी ती झोपली असताना मी त्यातला एक सेल घेतला, स्टिकर काढला, कॅमेऱ्यात घातला. काटा हलेना. मला वाटलं सेल खराब. दुसरा घेतला, तोही तसाच. हात चोळत बसले, तोवर काटा सर्रकन वर गेला. पहिला परत घालून बघितला, तोही चालला. मोबाइलशी ताडलं, अगदी बरोबर. मी दोन्ही सेलवर स्टिकर पुन्हा नीट चिकटवले आणि पाकिटात जिथल्या तिथे ठेवून दिले. आठवड्यानं लंकेवर जाऊन स्वतःचं पाकीट आणलं. कुणाला काही कळलं नाही.

एकदा हवा लागली की तो सेल थांबत नाही. स्टिकर परत लावून विशेष काही होत नाही. वापरा, न वापरा, आतून तो सुकत जातो, आणि बनारसच्या लूमध्ये तर लवकरच.

मे महिन्यात आईबाबा लग्नाला गेले होते. रविवारी सांगलीहून माई मावशीचा, आजीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. दर रविवारी येतोच. मी त्याच खोलीत, कानात हेडफोन घालून एका गादीचं वर्णन लिहीत बसले होते. आजी फोनवर हसून “हो का? छान छान” म्हणाली, तेवढं ओठांवरून दिसलं. पुढचे चार दिवस तिनं मशीन डबीत ठेवलं होतं. विचारलं तर म्हणाली, घाम येतो गं कानामागे. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बायकांमध्ये जाऊन बसते, तीही गेली नाही.

गुरुवारी मावशीच्या मुलीचा मला मेसेज आला. आईचं उद्या ऑपरेशन आहे, ती घाबरून रडत सांगत होती आणि तुझी आजी छान छान म्हणाली. काय झालंय तिला?

मी उठून देवघराचा खण उघडला. पाकीट रिकामं होतं. शेजारच्या वाटीत दोन सेल आणि चुरगळलेले दोन निळे स्टिकर पडले होते. कडेला माझ्या नखाची खूण असलेले.

माझ्या पाकिटातला एक सेल घेऊन मी तिच्यापुढे बसले. स्टिकर काढला, पाच मिनिटं मोजली, मशीनमध्ये घालून तिच्या कानाला लावलं. ती थोडा वेळ तशीच बसली. मग वर बघून म्हणाली, “पंखा किती कुरकुरतोय.”

मी सगळं सांगितलं. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “अगं, एक घातला, ऐकू येईना. दुसरा घातला, तोही नाही. म्हटलं, आता कानच पुरते गेले माझे. तुझ्या बाबाला कशाला सांगायचं, उगीच खर्चात पडेल.” चार दिवस ती बाई एकटीनं हे धरून बसली होती आणि मी दोन हातांवर बसून गादी किती मऊ आहे ते लिहीत होते.

मग तिनं स्वतःच सांगलीला फोन लावायला सांगितला. मी बाहेर गेले. ऑपरेशन नीट पार पडलं, मावशी आता काठी घेऊन चालते.

रोल कुरिअरनं धुवायला पाठवला होता, त्याचे फोटो महिन्यानं ईमेलवर आले. पहिले चौदा काळपट, जणू घाटावर सदा ढग. पंधराव्यापासून उजेड नीट. त्यातला एक आजीचा आहे, पायऱ्यांवर बायकांमध्ये बसलेली, मान किंचित एका बाजूला, कुणाचं तरी बोलणं ऐकताना. तो तिला मोबाइलवर दाखवला. ती म्हणाली, ह्यांनी काढले असते तर डोकं कापलं असतं माझं.

तुमचा कॅमेरा वेगळा असेल तर एवढी यातायात कदाचित लागणारही नाही. पेंटॅक्स के-१००० किंवा निकॉन एफएमला चाचांचाच एलआर-४४ चालतो, आणि तो नसला तरी शटर चालतं, फक्त मीटर बंद. आग्फा क्लिक थ्रीला सेलच नाही. याशिका इलेक्ट्रो-३५ चा मूळ सेल ५.६ व्होल्टचा, पण तिथे सहा व्होल्टचा चालून जातो, फक्त लांबी जमवायला स्प्रिंग लागते. आधी नंबर बघा, मग बाजारात जा.

पावसाळ्यात कॅमेऱ्यातला सेल संपला. माझं पाकीटही रिकामं झालं होतं. मी आजीकडे जाऊन मागितला. तिनं खण उघडला, पाकीट डोळ्यांजवळ नेऊन एकेक सेल बोटानं मोजला आणि म्हणाली, “पाच आहेत. एक घे. आणि सोमवारी लंकेला जाशील तेव्हा माझ्यासाठी दोन पाकिटं आण.”